पावणेअठराचा खांदा

रविवार, ५ जून २०२२. रक्कम सदतीस हजार पाचशे रुपये. हजर: मी, माझे यजमान, सासूबाई आणि जुन्या मशिनी विकणारा माणूस. साध्या शिवणाच्या दोन मशिनी, प्रत्येकी साडेअकरा हजार, आणि कडा बांधायची एक ओव्हरलॉक, साडेचौदा हजार. टेम्पोचे नऊशे वेगळे. सगळे पैसे माझे. पुण्यात असताना अठरा वर्षं एका साडीच्या दुकानासाठी फॉल-पिको केलं, त्यातले साठवलेले.

मशिनी हॉलमध्ये लागल्या आणि सोफा गच्चीच्या जिन्याखाली गेला. सासूबाईंनी तो प्रकार कॉफीचा पेला हातात धरून शेवटपर्यंत पाहिला.

"सरी," त्या म्हणाल्या. "आता पाहुणे आले की त्यांना मशिनीवर बसव. पाय मारत बसतील, तेवढंच काम होईल."

"आई, या पायाच्या नाहीत. मोटरच्या आहेत."

"मग तर पाहुणे हवेतच कशाला?"

आमच्या सासरची माणसं बंगळूरची. यजमानांच्या पणजोबांपासून इथेच. घरात मराठी, पण त्यात 'सरी' म्हणजे बरं आणि 'स्वल्प' म्हणजे थोडं, असे कन्नड शब्द मिठासारखे पडलेले. मी साताऱ्याकडची. लग्नानंतर यजमानांची नोकरी पुण्याला होती, त्यामुळे सासर बंगळूरचं असूनही बंगळूर मला सणावारापुरतंच माहीत. सासरे गेल्यावर, २०१८ मध्ये, आम्ही जे. पी. नगरच्या या घरी राहायला आलो. यजमानांना होसकोट्याच्या एका कारखान्यात काम मिळालं. मला इथे फॉल-पिको मिळालं असतं, पण मला ते पुन्हा करायचं नव्हतं.

याचं कारण सांगते. फॉल-पिको म्हणजे दुसऱ्याने विणलेल्या, तिसरीने नेसायच्या साडीला खालून पट्टी लावणं. काम वाईट नाही, त्यावर आमच्या मुलीची फी भरली गेली आहे. पण अठरा वर्षांत मी एकही वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः केली नव्हती. लग्नकार्यात माझी ओळख 'ती फॉल-पिको करते ती' अशी करून द्यायचे. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मला कापड घ्यायचं होतं, मापं घ्यायची होती, कापायचं होतं आणि घडी घालून कुणाच्या तरी हातात द्यायचं होतं.

काय शिवायचं तेही मी विचार करून ठरवलं होतं. ब्लाउज शिवणारे आमच्या गल्लीतच चार. पण कारखान्यातले कामगार जे करड्या रंगाचे अर्ध्या बाह्यांचे कोट घालतात, ते दर वर्षी लागतात, एका मापाचे तीस-चाळीस लागतात आणि त्यात नखरे नसतात. बोम्मसंद्र्याला असे छोटे कारखाने शेकड्याने आहेत. यजमानांनी एकच अट घातली.

"दसऱ्याच्या आयुधपूजेपर्यंत बघ. तोवर एक ऑर्डर आली तर मशिनी राहतील. नाही आली तर विकू. किंमत आहे तोवर."

"चालेल," मी म्हणाले. अट मला रास्त वाटली. कुठल्याही गोष्टीला मुदत असावी.

"आणि बोलायला मी येतो बरोबर. तुझं कन्नड अजून भाजी बाजारातलं आहे."

"भाजीवाल्याने मला आजवर एकदाही फसवलेलं नाही. मी एकटी जाईन."

गेले. पहिल्या महिन्यात सात ठिकाणी. चार ठिकाणी फाटकावरच्या पहारेकऱ्याने आत सोडलं नाही. एका ठिकाणी सांगितलं, आमचा माल तमिळनाडूतून येतो आणि तुमच्यापेक्षा साठ रुपयांनी स्वस्त येतो. एका ठिकाणी नमुन्याचा कोट ठेवून घेतला आणि पुढे फोनच उचलला नाही. तो कोट कुणीतरी अजून घालत असेल, चांगला शिवला होता. सातव्या ठिकाणी, सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, स्टोअरचे साहेब भेटले. माझ्याच वयाचे, कपाळावर चष्मा, बोलणं भराभर. त्यांनी माझा टाका उलटून पाहिला, शिवण दोन्ही हातांनी ताणली आणि म्हणाले, नमुना करून आणा, मी माप सांगतो.

आपला जुना कोट ते देईनात, एकच चांगला उरला होता म्हणे. कपाटातला एक कागद काढून त्यांनी मापं वाचली आणि मी लिहून घेतली. सगळं कन्नडमध्ये. उंची अडतीस. छाती चव्वेचाळीस. बाही 'ओंबत्तूवरे', म्हणजे साडेनऊ. खिसा 'ऐदू कालु', म्हणजे सव्वापाच. खांदा 'हदिनेळू मुक्कालु'. हदिनेळू म्हणजे सतरा आणि मुक्कालु म्हणजे पाऊण, हे मला भाजी बाजारामुळेच माहीत होतं. मी लिहिलं, पावणेसतरा. आणि मी कधीही नुसतं लिहून थांबत नाही, म्हणून सगळी मापं त्यांना परत म्हणून दाखवली.

"खांदा, हदिनेळू मुक्कालु?"

"हदिनेळू मुक्कालु," त्यांनी मान हलवली. "करेक्ट, अम्मा."

कोट आठवड्यात नेला. त्यांनी कामावरून एका उंच माणसाला बोलावलं, कोट घालायला लावला आणि म्हणाले, फळीवरचा डबा काढ. त्याने हात वर केले आणि अर्ध्यावर थांबला.

"हिडीतिदे, सार," तो म्हणाला. धरतोय. काखेत आणि पाठीत धरत होता, मलाही दिसत होतं. त्याने हात खाली-वर करून पाहिले आणि माझ्याकडे बघून हसला. "अम्मा, हा घालून मी बस कशी थांबवू? ड्रायव्हरला दिसणारच नाही."

सगळे हसले. मीही हसले. कोट परत घेऊन आले.

घरी टेप लावून पाहिला. प्रत्येक माप लिहिल्याप्रमाणे, दोऱ्याचाही फरक नाही. मग राहिलं काय? कापड. कापड आटलं असणार, असं मी धरलं. इस्त्रीच्या वाफेनेही सुती कापड थोडं आटतं. म्हणून नवा तागा आणला तो न कापता आधी पाण्यात घातला, रात्रभर भिजवला, गच्चीवर वाळवला, पुन्हा भिजवला, पुन्हा वाळवला. वीस मीटर करडं कापड दोऱ्यांवर लटकलेलं.

"शेजारच्या अक्का विचारत होत्या," सासूबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे मठ काढलाय का म्हणून."

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, हो. सून स्वामी झाली आहे. पण अजून शिष्य मिळाले नाहीत."

दुसरा कोट नेला. तोच माणूस, तीच फळी, तेच 'हिडीतिदे'. मग मी काखेचा घेर अर्धा इंच खोल केला. तिसरा कोट नेला. आता काखेत सैल आणि पाठीत मात्र तसाच धरणारा, वर बाही लोंबायला लागली. बसची थट्टा करणाऱ्या त्या माणसाने या वेळी कोट काढून व्यवस्थित घडी घातली आणि माझ्या हातात दिला. त्याने थट्टा केली असती तर बरं वाटलं असतं.

स्टोअरचे साहेब मला फाटकापर्यंत सोडायला आले. स्वभावाने ते चांगले गृहस्थ आहेत.

"अम्मा, तुमचा टाका फर्स्ट क्लास," ते म्हणाले. "पण माप तुम्हाला येत नाही. कुणाकुणाला नाही येत. वाईट वाटून घेऊ नका."

मी माप न येणारी बाई! ज्या बाईने अठरा वर्षांत एका साडीला दुसरीची पट्टी लावली नाही, जिच्याकडून महिन्याच्या शेवटी गवळ्याने दुधाचं बिल तपासून घ्यावं, तिला हे ऐकायला लागलं. बसमध्ये खिडकीशी बसून मेट्रोचे अर्धवट खांब मोजत घरी आले, आणि खांबसुद्धा नीट मोजले जात नाहीत असं वाटायला लागलं.

सप्टेंबरच्या मध्यावर यजमानांनी विषय काढला. चिडून नाही, जेवताना, भात कालवत.

"पुढच्या गल्लीतला टेलर विचारत होता. तिन्ही मशिनींचे चौतीस देतो म्हणतोय. साडेतीन हजारच तुटतात."

"आयुधपूजा चार ऑक्टोबरला आहे."

"तेच म्हणतोय. तो पूजेच्या दिवशीच नेईल. मुहूर्त चांगला." मग वरण वाढून घेत, "तू हरलीस असं मी नाही म्हणत. पण थांबायचं कुठे ते ठरलेलं होतं ना?"

ठरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी टेलर आला, हॉलमध्ये तिन्ही मशिनी चालवून पाहिल्या आणि विसार म्हणून दोन हजार रुपये मोजून ठेवले. मी समोर बसले होते. माझ्या होकाराशिवाय यजमानांनी त्याला हात लावला नाही. मी मान हलवली. टेलर उठताना ओव्हरलॉकवरून हात फिरवून म्हणाला, "अक्का, छान ठेवलंय मशीन."

पण मुदत अजून संपलेली नव्हती. मी चौथा कोट शिवला. या वेळी पाठीला मधोमध एक पट्टी वाढवली, त्यामुळे हात तर वर जाणार होता, पण कोट कुबड आल्यासारखा दिसत होता. स्टोअरच्या साहेबांना फोन केला. ते आधी हसले, मग म्हणाले, "सरी, अम्मा. शुक्रवारी या. हन्नेरडू मुक्कालिगे. त्यानंतर मी जेवायला जातो आणि मग नसतो."

हन्नेरडू म्हणजे बारा. पावणेबाराला बोलावलंय म्हणून मी अकरा चाळीसला फाटकाशी हजर. पहारेकऱ्याने आत फोन लावला आणि म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत, तुमची वेळ अजून झालेली नाही.

"झाली आहे. त्यांनीच सांगितलं, हन्नेरडू मुक्कालु."

"हो. हन्नेरडू मुक्कालु."

"मग तेच तर वाजताहेत!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या केबिनमधल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. काटे पावणेबारावर आलेले होते. लहान मुलीला शिकवावं तसं तो सावकाश म्हणाला, "अम्मा, ईग हन्नोंदू मुक्कालु."

आत्ता अकरा मुक्काल.

"हन्नेरडू मुक्काल व्हायला अजून एक तास आहे. तिथे बाकावर बसा."

मी बाकावर जाऊन बसले. पाय आपोआप गेले. डोक्यात एकच गोष्ट चालली होती. आपण मराठी माणसं पावणेबारा म्हणतो तेव्हा बारा अजून झालेले नसतात. पुढचा आकडा धरायचा आणि पाव वजा करायचा. हा माणूस मागचा आकडा धरतो आणि पाऊण मिळवतो. अकरा आणि वर पाऊण. सव्वा आणि साडे दोन्हीकडे सारखेच, म्हणून भाजी बाजारात माझं कधी चुकलं नव्हतं. पाऊण किलो वांगी घेताना मागेपुढे आकडाच नसतो. पण हदिनेळू मुक्कालु म्हणजे सतरा आणि वर पाऊण. पावणेसतरा नव्हे. पावणेअठरा.

चार कोट, चारही कोटांचा खांदा एक इंच कमी. मी एक तास लवकर आले होते आणि एक इंच आखूड कापत होते, आणि दोन्ही एकच गोष्ट होती. मी परत म्हणून दाखवलं तेव्हा साहेबांनी मान हलवली ती बरोबरच होती. मी बोलले होते बरोबर, लिहिलं होतं चूक.

बाकावर बसून मी हसायला लागले. पहारेकऱ्याने पाण्याची बाटली पुढे केली.

मला माप येत होतं. एवढंच त्या तासभरात मी मनाशी पुन्हा पुन्हा म्हणत होते.

साहेब बाहेर आले तेव्हा मी कोट पिशवीतून काढलाच नाही. झालं ते सांगितलं. त्यांना पहिल्यांदा कळेना. मग मी बोटांवर करून दाखवलं तेव्हा कळलं, आणि चष्मा कपाळावरून निसटून नाकावर आला इतके हसले.

"म्हणजे तीन महिने मी सतरात बोलतोय आणि तुम्ही सोळात ऐकताय?"

"हो सार. मला एक दिवस द्या."

"सोमवारपासून पूजेची सफाई, मग सुट्टी. उद्या सकाळी आणाल?"

"आणीन."

भिजवून वाळवलेलं कापड घरात होतंच. दुपारी चारला कापायला बसले. सासूबाईंनी कॉफी आणून मशीनच्या फळीवर ठेवली आणि काज-बटणं करायला घेतली. त्यांची नजर अजून शाबूत आहे आणि त्यांचं काज माझ्यापेक्षा बारीक. खांद्याची रेघ आखताना मी टेप तीनदा लावला. सतरा, आणि वर पाऊण. संध्याकाळी यजमान आले तेव्हा कोट खुंटीवर होता. त्यांना सगळं सांगितलं. ते भिंतीला टेकून हसले.

"अगं, मला एकदा विचारायचं तरी! मी तर मुक्कालु बोलतच मोठा झालो."

"विचारलं असतं तर ऑर्डर तुमची झाली असती."

"अजून कुणाचीच झालेली नाही," ते म्हणाले. खरंच होतं ते.

शनिवारी सकाळी तोच उंच माणूस आला. कोट घातला, फळीवरचा डबा काढला, परत ठेवला, पुन्हा काढला. मग कुणी न सांगता दोन्ही हात डोक्यावर उंच केले आणि ओरडला, "होल्डऽऽन! होल्डऽऽन!", बस थांबवताना ओरडतात तसं. आतून तीन-चार जण बघायला आले. साहेब म्हणाले, काढ आता. तो म्हणाला, "कशाला सार? बसलाय की," आणि कोटासकट कामावर निघून गेला.

साहेबांनी मला खुर्ची दिली. याआधी दिली नव्हती. मग त्यांनी जे सांगितलं ते मला अपेक्षित नव्हतं. माझा दुसरा कोट नापास झाला तरी तो मी तिथेच विसरले होते, आणि त्यांनी तो एका बुटक्या माणसाला वापरायला दिला होता. दोन महिने त्याची धुलाई चालली आणि तो एक सूतही आटला नाही. "आम्हीही तमिळनाडूचा माल घेतो, तो दोन धुलायांत अर्धा इंच आत येतो," ते म्हणाले. "तुम्ही करता काय?"

"कापड आधी दोनदा भिजवते."

"का?"

का, ते मी सांगितलं नाही. चुकीच्या कारणासाठी केलेली गोष्ट बरोबर निघाली होती, आणि ती माझीच होती. कोट एकशे वीस, दर तीनशे नव्वद, एकूण शेहेचाळीस हजार आठशे, अशी ऑर्डर त्यांनी तिथल्या तिथे लिहून दिली. खाली सही करताना त्यांनी मुद्दाम मला विचारलं, "अम्मा, खांदा?"

"सतरा आणि वर पाऊण," मी कन्नडमध्ये म्हटलं.

ते कोट डिसेंबरच्या आधी पोचले. एकही परत आला नाही. त्यानंतर त्याच कारखान्याने दर वर्षी घेतले आणि त्यांच्या शब्दावर शेजारच्या दोघांनी. आज माझ्याकडे मशिनी सहा आहेत, घराच्या मागच्या बाजूला पत्र्याची शेड आहे आणि चार बायका कामाला आहेत. त्यातल्या दोघी कन्नड, एक तमिळ, एक सोलापूरची. नवीन बाई आली की पहिल्या दिवशी मी तिला माप तिच्या भाषेत म्हणायला लावते आणि टेपवर बोट ठेवून दाखवायला लावते. नुसत्या मान हलवण्यावर माझ्याकडे काम होत नाही. लग्नकार्यात माझी ओळख आता कशी करून देतात ते मी लक्ष देऊन ऐकते, आणि ऐकायला मला आवडतं. यात लपवण्यासारखं काही नाही.

पण माझ्या मते सगळं मिटलं ते आयुधपूजेच्या दिवशीच, एकही कोट शिवून व्हायच्या आत. सकाळी तिन्ही मशिनी पुसून त्यांना हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. यजमानांनी दारात कोहळा फोडला. सासूबाई मोटरलाही कुंकू लावायला निघाल्या होत्या, शॉक बसेल म्हणून त्यांना आवरलं. अकराच्या सुमारास टेलर आला. टेम्पो सांगूनच आला होता, उरलेले बत्तीस हजार खिशात. दारातूनच त्याने माळा पाहिल्या आणि म्हणाला, "अरे वा, पूजाही करून ठेवलीत!"

यजमान उठायला लागले. मी म्हटलं, तुम्ही बसा. मी त्याला आत बोलावलं, कॉफी दिली आणि कन्नडमध्ये, माझ्याच कन्नडमध्ये, सांगितलं की मशिनी विकायच्या नाहीत, ऑर्डर आली आहे. तो थोडा नाराज झाला, ते साहजिक होतं. म्हणाला, "अक्का, शब्द दिला होता. विकणाऱ्याने शब्द मोडला तर विसार दुप्पट परत करायचा, असं आमच्याकडे आहे."

"आमच्याकडेही आहे," सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. विचारलं नव्हतं तरी.

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणणं रास्त होतं. मी आत जाऊन माझ्या डब्यातले पैसे आणले. विसाराचे दोन हजार आणि वर दोन हजार, एकूण चार हजार रुपये, त्याच्या हातात, माझ्या हाताने.